प्रसूती रजा वाढवून मागितली आहे, उत्तर काय आणि कसं द्यावं? (अंबड, नाशिक)

गंगापूररोड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीचा एचआर विभाग माझ्याकडे आहे. मस्टरवर ६२ जण, त्यात १४ महिला. परचेसमधल्या एका महिलेचा प्रसूती रजा वाढवून मागणारा मेल आला आहे. माहिती अशी:

डॉक्टरांनी दिलेली तारीख १४ मार्च २०२६ होती, रजा २१ फेब्रुवारीपासून घेतली. पहिलं बाळंतपण, सिझर. पगार ३४,००० असल्याने ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही, रजेचा पगार कंपनीच देते आहे. मेलमध्ये चारच ओळी आहेत: बाळ लहान आहे, घरी सांभाळायला कोणी नाही, तब्येतही अजून पूर्वीसारखी नाही, तरी दिवाळी झाल्यावर १६ नोव्हेंबरला रुजू होण्याची परवानगी द्यावी. तिची १४ दिवस पीएल (हक्काची पगारी रजा) शिल्लक आहे. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी.

मालक विचारतात, कायद्याने द्यावीच लागते का, आणि एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल का. परचेस हेडची काळजी वेगळी: तिच्या जागी घेतलेल्या मुलाचा करार ३१ ऑगस्टला संपतो. मला नकार द्यायचा नाही, पण जे देऊ ते कागदावर पक्कं हवं. जाणकारांनी सांगावं.

पगारपत्रक

आधी तारीख पक्की करा, निम्मे वाद तिथेच सुरू होतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस आणि ते सरळ कॅलेंडरचे. साप्ताहिक सुट्टी, सणाची सुट्टी यातलं काहीही वेगळं काढायचं नाही आणि त्या दिवसांचा पगारही कापायचा नाही. आठवडा म्हणजे सात दिवस, हे सुप्रीम कोर्टाने बी. शाह खटल्यात १९७७ सालीच ठरवून टाकलं आहे. २१ फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला की १८२वा दिवस येतो २१ ऑगस्ट, शुक्रवार. २२ला तुमचा शनिवार. म्हणजे मूळ रुजू तारीख रविवार, २३ ऑगस्ट.

प्रसूती दिलेल्या तारखेच्या मागेपुढे झाली तरी १८२ तेवढेच राहतात. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. या बाईंनी आधी ३च आठवडे घेतले, म्हणून बाळासोबत २३ आठवडे मिळाले. पूर्ण ८ आधी घेतलेलीच्या हाती १८ उरतात, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना तिला परतावं लागतं. रजावाढीचे बरेचसे अर्ज इथूनच जन्माला येतात. रजा सुरू करतानाच हे गणित कागदावर मांडून दाखवलं तर पुष्कळ जणी आधीचे आठवडे कमी घेतील.

आता कायदा. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. प्रसूतीचं प्रकरण सहावं, कलम ५९ ते ७२. आकडे जुनेच राहिले: दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर २६ आठवडे, दोन किंवा जास्त असतील तर १२. पात्रतेसाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं.

२६ आठवड्यांपुढे हक्काने मिळणारी गोष्ट एकच. गर्भारपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा. जुन्या कायद्यात कलम १०, आता कलम ६५. दर प्रसूती लाभाचाच. ही मेहेरबानी नाही, पुरावा दिला की द्यावीच लागते. आणि तुमच्या मेलमध्ये "तब्येत अजून पूर्वीसारखी नाही" हे वाक्य आहे. ते वाचून पुढे जाऊ नका. तिला या महिन्याची माहितीच नसण्याची शक्यता मोठी आहे. तुम्हीच कळवा आणि प्रमाणपत्र मागवा.

म्हणून तिच्या ८६ दिवसांचे (२२ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर) तुकडे पाडा. प्रमाणपत्र आलं तर २२ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर, ३१ दिवस पगारी. मग २२ सप्टेंबरपासून पीएल. शनिवार आणि २ ऑक्टोबर वगळले की १४ पीएल ८ ऑक्टोबरला संपतात. उरले ९ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, ३८ दिवस बिनपगारी. प्रमाणपत्र नसेल तर पीएल २३ ऑगस्टला सुरू होऊन ७ सप्टेंबरला संपेल आणि बिनपगारी दिवस ६९ होतील. एका वाक्याकडे दुर्लक्ष झालं तर त्या घराचा महिन्याचा पगार जातो.

पीएल कायद्याने तिचीच आहे. ती कधी घ्यायची एवढंच कंपनीच्या मंजुरीवर. बिनपगारी भाग मात्र पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर, तिथे कायदा तुम्हाला बांधत नाही. मालकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं तीन भागांत द्या, "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देऊ नका.

डॉ_इंदिरानगर

प्रमाणपत्राबद्दल लिहिते, कारण त्यातल्या चुकीने पेशंटचं नुकसान होतं. "विश्रांतीची गरज आहे" एवढ्या ओळीवर एचआरने पगारी महिना दिला नाही तर त्यांना दोष देता येत नाही. प्रमाणपत्रात प्रसूतीची तारीख हवी, आजार प्रसूतीशी संबंधित आहे हे स्पष्ट शब्दांत हवं, रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते हवं आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मागायला लावू नका. २१ ऑगस्टच्या आधी तपासणी होऊन कागद हातात असावा.

सिझरचे टाके बाहेरून भरले म्हणजे तब्येत सुधारली असं नसतं. रक्तक्षय, टाक्यांचा संसर्ग, प्रसूतीनंतर उरलेला रक्तदाब, प्रसूतीपश्चात थायरॉइडचा त्रास हे चौथ्या-पाचव्या महिन्यातही दिसतात. प्रसूतीनंतरचं नैराश्य तर पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढतं, आणि त्याचं मानसोपचार तज्ज्ञांनी दिलेलं प्रमाणपत्र तितकंच वैध आहे. ते कमी दर्जाचं समजू नका.

दोन विनंत्या. डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट मागू नका, प्रमाणपत्र पुरेसं आहे. आणि ते आलं की एचआरच्या फाइलमध्ये राहू द्या. परचेस हेडला फक्त तारखा कळवा. विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरला की त्या बाईची परत यायची उमेद संपते.

बाळाचा आजार या महिन्यात बसत नाही हेही माहीत असू द्या. तरतूद आईच्या आजारासाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या कागदावर कंपनीने स्वतःहून वेगळी रजा द्यावी.

लघुउद्योजक_सातपूर

मालकांची बाजू मांडतो, राग मानू नये. २०-२५ माणसांच्या युनिटमध्ये परचेसला एकच माणूस असतो. तांब्याच्या बसबारचा भाव रोज हलतो, कोणत्या व्हेंडरला किती दिवसांची उधारी हे त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. सहा महिने कसेबसे काढले, त्यात आणखी तीन. पगाराचा ताण २६ आठवड्यांत सोसून झालेला असतो. बिनपगारी रजेत पगार वाचतो हे खरं, पण कामाचं काय? आणि शेवटी ती १६ नोव्हेंबरलाही आली नाही तर?

पगारपत्रक

काळजी रास्त आहे, पण बिनपगारी ३८ दिवस नाकारून ती मिटत नाही. नाकारलं तर दोनच गोष्टी घडतात. राजीनामा येतो, किंवा ती २३ ऑगस्टला येते आणि महिनाभरात सोडते. दोन्हीत नवीन माणूस शोधा, व्हेंडरांची ओळख करून द्या, तोवर चुकीच्या दराने निघालेल्या ऑर्डरी निस्तरा. इथे बदली माणूस आधीच तयार आहे. त्याला ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवा, म्हणजे १६ ते ३० तारखेत दोघं शेजारी बसून काम सोपवतील. पण वाढीचं पत्र ३१ ऑगस्टच्या आत द्या, आणि "रजेवरील कर्मचाऱ्याच्या जागी, ठराविक मुदतीसाठी" हे शब्द त्यात ठेवा. मुदत उलटल्यावर पत्राशिवाय कामावर ठेवलेला माणूस पुढे कायमपणाचा दावा करू शकतो.

"सगळ्यांना द्यावी लागेल" याला उत्तर: हो, आणि तेच बरोबर. एक पानी नियम करा. प्रसूती रजेनंतर ९० दिवसांपर्यंत बिनपगारी रजा मिळेल. अर्ज रजा संपण्याच्या ३० दिवस आधी, आजार असेल तर ही अट नाही. कंपनी ७ दिवसांत लेखी उत्तर देईल. एकदाच वाढ, त्यानंतर फक्त वैद्यकीय कारण. नियम सगळ्यांना सारखा असला की मर्जीतली आणि नावडती असा वास येत नाही. तोंडी "बघू, या तुम्ही सावकाश" ही सगळ्यात वाईट पद्धत. तिकडे बाई निर्धास्त, इकडे मस्टरवर गैरहजेरीचे शेरे.

हे मस्टरवरचे शेरे फार महाग पडतात. ग्रॅच्युइटीत मंजूर रजा सलग सेवेत धरली जाते. बिनपगारी असली तरी मंजुरीचं पत्र असेल तर सेवा तुटत नाही. पीएफच्या ईसीआरमध्ये (दरमहा भरायच्या ऑनलाइन विवरणात) त्या ३८ दिवसांची नोंद एनसीपी दिवसांच्या, म्हणजे अंशदान न भरलेल्या दिवसांच्या, रकान्यात करा: ऑक्टोबरला २३, नोव्हेंबरला १५. तो रकाना शून्य ठेवून नुसता पगार कमी दाखवला की पुढे पेन्शनच्या हिशोबात प्रश्न निघतात. बाहेर पडल्याची तारीख चुकूनही भरू नका. पगारी महिन्यावर, म्हणजे २१ सप्टेंबरपर्यंत आणि पीएलवर, पीएफ नेहमीसारखा कापायचा.

शून्य किंवा अर्ध्या पगाराच्या महिन्यात पतसंस्थेचा हप्ता आणि ग्रुप मेडिक्लेमचा तिच्या वाट्याचा हप्ता कसा वसूल होणार ते तिच्याशी आधी बोला. पॉलिसी मध्येच बंद पडली तर बाळाचंही संरक्षण जातं. बाळाचं नाव पॉलिसीत चढलं आहे का, तेही याच वेळी बघा.

विमा_खिडकी

धागा वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडे २१,०००च्या आतल्या पगाराच्या महिला असतील, त्यांच्यासाठी. ईएसआयमध्ये असलेल्या महिलेला लाभ महामंडळ देतं, कंपनी नाही. दर सरासरी दैनिक वेतनाच्या १०० टक्के, २६ आठवडे. अट: लगतच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचं अंशदान (विम्याची दरमहा भरायची वर्गणी). काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रसूतीजन्य आजारासाठी अधिक एक महिना इथेही आहे, पण प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांकडून हवं. नाशिकच्या महिलांनी त्यासाठी सातपूरचं कामगार विमा रुग्णालय किंवा आपला दवाखाना गाठावा. खाजगी डॉक्टरचा कागद घेऊन शाखेत गेलं की चक्कर वाया जाते. दाव्याचा अर्ज फॉर्म १९, ऑनलाइनही करता येतो.

तो महिनाही संपला आणि आजार चालूच असेल तर साधा आजारपणाचा लाभ ७० टक्के दराने, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. मात्र त्याला संबंधित अंशदान काळात ७८ दिवस भरलेले लागतात. लांब रजेनंतर नेमके तेच कमी पडतात, म्हणून तिला आशा लावण्याआधी दिवस मोजा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दरमहा अंशदान भरताना त्या महिलेच्या ओळीत दिवस शून्य, वेतन शून्य टाकलं की शेजारच्या खान्यात कारण निवडावं लागतं. यादीत १ म्हणजे "रजेवर" आणि २ म्हणजे "नोकरी सोडली". दोन्ही एकाखाली एक. माउस जरा घसरला किंवा मागच्या महिन्याची एक्सेल तशीच चढवली, आणि २ गेला, शेवटच्या दिवसाची तारीखही पडली, की ती महिला तुमच्या खात्यातून बाहेर. दवाखान्यात कार्ड चालत नाही आणि बाळाच्या लसीच्या रांगेत उभं असताना तिला ते कळतं. दुरुस्तीला शाखेत पत्र, हजेरीची नक्कल, पगारपत्रक, सगळं द्यावं लागतं. चलन काढण्याआधी शून्य दिवसांच्या ओळी वेगळ्या छापून एकदा डोळ्यांखालून घाला.

आणि लाभ चालू असताना तिला "दोन दिवस स्टॉक मोजायला या" म्हणून बोलावून मजुरी देऊ नका. ज्या दिवशी मजुरीचं काम, त्या दिवसाचा लाभ नाही. दोन दिवसांच्या मजुरीसाठी तिचा दावा अडकतो.

सिन्नर_शिफ्ट

मुसळगाव आणि माळेगावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे असलेल्या मुलींचं काय? रजेच्या मध्येच करार संपला की "आता नातं संपलं" असं सांगितलं जातं. मुदतवाढ तर दूरच.

पगारपत्रक

ते चालणार नाही. डॉ. कविता यादव खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की पात्रता पूर्ण झाली असेल तर कराराची मुदत संपली तरी प्रसूती लाभ पूर्ण काळ द्यायचा. रोजंदारीवरच्या महिलांनाही लाभ आहे, तो निकाल दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार महिलांचा, साल २०००. हक्काच्या २६ आठवड्यांना आणि आजाराच्या महिन्याला करार आड येत नाही. बिनपगारी वाढ मात्र करार चालू असेल तरच मागता येते.

पैसे देण्याच्या वेळेबद्दल एक गोष्ट राहून गेली. सगळीकडे दरमहा पगारासोबत लाभ देतात आणि बायकांची तक्रार नसते, म्हणून चालतं. कायद्यातलं वेळापत्रक वेगळं आहे: प्रसूतीपूर्व काळाचा लाभ गर्भारपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ, उरलेला प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. कुणी तसं मागितलं तर "आमची पद्धत नाही" म्हणता येणार नाही. प्रसूतीपूर्व आणि नंतरची वैद्यकीय सोय कंपनीने मोफत केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही द्यायचा असतो, हा फार ठिकाणी विसरला जातो. गंगापूररोड ताई, तुमच्या फाइलमध्ये दिला आहे का ते बघा.

निळा_पाळणा

मेलमधल्या दुसऱ्या कारणाकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. "सांभाळायला कोणी नाही." मस्टरवर ६२ जण आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि ५० मोजताना सगळे धरायचे, फक्त महिला नाही. दिवसातून चार वेळा आईला तिथे जाता आलं पाहिजे, विश्रांतीची सुट्टी त्यातच. तुमच्याकडे पाळणाघर आहे का? नसेल तर ही रजा काही अंशी कंपनीच्या उणिवेमुळे मागितली गेली आहे, आणि उत्तर देताना ते मनात ठेवा.

एकट्या कंपनीने खोली बांधावी असंही नाही. संहितेत सामाईक पाळणाघराची मुभा आहे. अंबडसारख्या ठिकाणी एका गल्लीत चार-पाच युनिटं ५०च्या वर असतात, मिळून एक चालवता येतं किंवा जवळच्या खाजगी पाळणाघराशी करार करता येतो. जवळ हा शब्द महत्त्वाचा. नाशिकरोडला घराशेजारच्या पाळणाघराचे पैसे कंपनीने दिले तर मदत होते, पण द्वारका आणि मुंबई नाका ओलांडून चार वेळा कुणी दूध पाजायला जाणार नाही. उलट कामाजवळचं पाळणाघर असेल तर सहा-सात महिन्यांचं बाळ रोज एवढ्या लांब आणायचं कसं, हा प्रश्न येतो. पावसाळ्यात दुचाकीवर ते शक्य नाही. त्या बाई कुठून येतात ते विचारा, मग ठरवा.

बाळ रुळायला साधारण दोन आठवडे लागतात. पहिले दोन-तीन दिवस आईसोबत तासभर, मग आईशिवाय एक तास, मग दोन, मग दुपारची झोप तिथे, शेवटी पूर्ण दिवस. १६ नोव्हेंबरला रुजू व्हायचं तर २ नोव्हेंबरलाच सुरुवात हवी, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी दिवाळी आहे (लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर). दिवाळीत पाळणाघरं बंद असतात. म्हणून एकतर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाळाला रुळवा, किंवा पहिले दोन आठवडे तिला अर्धा दिवस द्या. हे न करता बाळ थेट नऊ तासांसाठी सोडलं की ते रडून आजारी पडतं, आणि आई तिसऱ्या दिवशी परत रजेवर जाते.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत विश्रांतीच्या सुट्टीशिवाय दोन वेळा दूध पाजण्याची सुट्टी आहे. तुमच्या बाबतीत २०२७च्या जूनच्या मध्यापर्यंत. बाळ लांब असेल तर ती वेळ दूध काढून ठेवायला वापरता येते. आतून कडी असलेली खोली, खुर्ची, प्लग, हात धुवायची सोय आणि छोटा फ्रिज एवढं पुरतं. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. बरणीवर तारीख आणि वेळ लिहायची, फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवायची. स्वच्छतागृहात जाऊन दूध काढा असं कुणालाही सांगू नका.

गंगापूररोड

पाळणाघर नाही. खरं सांगायचं तर ५०चा आकडा दीड वर्षापूर्वी ओलांडला आणि तेव्हापासून विषय मागे पडला आहे. शेजारच्या दोन युनिटांशी बोलणी सुरू करते. वैद्यकीय बोनसही दिलेला नाही, तो या महिन्यात काढते.

तिच्याशी आज फोनवर सविस्तर बोलले. थायरॉइडचा त्रास प्रसूतीनंतर निघाला आहे, औषध चालू आहे. एका महिन्याच्या पगारी रजेबद्दल तिला खरंच माहीत नव्हतं. राहते पाथर्डी फाट्याला, म्हणजे अंबड जवळच. तिनेच विचारलं की ऑक्टोबरपासून घरून थोडं काम करता येईल का. करता येईल का?

पगारपत्रक

करता येतं. प्रसूती रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम, असं कायद्यातच म्हटलं आहे, कलम ६०. परचेसला ते जमण्यासारखं आहे: कोटेशनची तुलना, ऑर्डर काढणं, व्हेंडरचा पाठपुरावा, टॅलीतल्या नोंदी. माल तपासणं आणि गेटवरचं काम बदली मुलाकडे.

पण मोघम ठेवू नका. कोणते वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणाला रिपोर्ट, लॅपटॉप आणि नेटचा खर्च कोणाचा, कोणत्या तारखेपर्यंत. अर्धा दिवस काम तर अर्धा पगार, हे आधी ठरवा आणि हजेरीत तसंच दाखवा. बिनपगारी रजेवर दाखवून फोनवर काम करून घेणं हे सर्रास चालतं आणि ते चूक आहे. काम घेतलं की तो दिवस कामाचा, त्याचा पगार, त्याचा पीएफ. ९ ऑक्टोबरपासून रोज चार तास घरून घेतलेत तर तुमचे ३८ बिनपगारी दिवस अर्ध्या पगाराचे होतील, तिच्या हाती ऐन दिवाळीत काही येईल आणि एनसीपीचाही प्रश्न राहणार नाही. माझं मत याच बाजूने.

सिन्नर_शिफ्ट

लाइनवरच्या मुलींना घरून काम नसतं, त्यांच्याबद्दल दोन ओळी. परत आल्यावर पहिले तीन महिने पहिली पाळी द्या, तिसरी अजिबात नको. उभ्याने करायच्या कामावरून बसून करायच्या टेस्टिंगवर घ्या, पण पगाराचा ग्रेड तोच ठेवा. ग्रेड उतरवून "हलकं काम दिलं" म्हणणं म्हणजे शिक्षा. आणि दूध पाजायची सुट्टी उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा करा. ४५० मिनिटांच्या पाळीत तिची ३०-४० मिनिटं जात असतील आणि नग मात्र पूर्ण मागितले, तर ती सुट्टी घेणारच नाही. बोनसच्या हिशोबात पगारी प्रसूती रजेचे दिवस हजर धरायचे असतात, तेही दिवाळीआधी तपासा.

डॉ_इंदिरानगर

धाग्यात आलं नाही, पण एचआरवाल्यांनी वाचलंच पाहिजे म्हणून लिहिते. बाळ मृत जन्मलं तरी प्रसूती रजा पूर्ण मिळते, कायद्याच्या व्याख्येत "मूल" या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. जन्मानंतर बाळ गेलं तरी आईची रजा संपत नाही. अशा बाईला "आता लवकर येऊ शकाल ना" असं कुणी विचारू नये. प्रसूतीनंतर सहा आठवडे तर तिला कामावर घेणंच बेकायदा आहे, तिने स्वतः म्हटलं तरी.

गंगापूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. मालक तयार झाले आहेत. ९० दिवसांचा नियमही नोटीस बोर्डावर लागेल. तिला द्यायच्या पत्राचा मसुदा असा केला आहे, नजर टाका:

"आपला रजावाढीचा अर्ज मिळाला. आपली प्रसूती रजा २१ ऑगस्ट २०२६ रोजी पूर्ण होत आहे. आपण सादर केलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार २२ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर २०२६ ही प्रसूतीजन्य आजाराची पगारी रजा मंजूर करण्यात येत आहे. २२ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर या काळात आपली १४ दिवसांची हक्काची रजा (शनिवार व २ ऑक्टोबर वगळून) मंजूर आहे. ९ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात आपण परस्पर संमतीने, साप्ताहिक सुट्टी व सणाच्या सुट्ट्या सोडून, रोज सकाळी १० ते दुपारी २ घरून काम कराल व या काळासाठी निम्मे वेतन मिळेल. सोमवार, १६ नोव्हेंबर २०२६ रोजी आपण पूर्वीच्याच पदावर व वेतनावर रुजू व्हावे. हा संपूर्ण काळ सलग सेवा म्हणून गणला जाईल. आपले बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत आपणास रोज दोन स्तनपान सुट्ट्या मिळतील. दिनांक १६ नोव्हेंबर रोजी रुजू न झाल्यास आपण राजीनामा दिला आहे असे समजले जाईल."

पगारपत्रक

शेवटचं वाक्य काढा. बाकी पत्र चांगलं आहे, तारखाही जुळतात. पण "राजीनामा समजला जाईल" हे कोर्टात टिकत नाही. स्थायी आदेशात (कंपनीच्या लेखी सेवानियमांत) तसं लिहिलेलं असलं तरी म्हणणं ऐकून न घेता नाव काढता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने डी. के. यादव खटल्यात १९९३ मध्ये सांगितलं आहे. आणि पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला मंजुरीच्याच पत्रात धमकी कशाला? त्याऐवजी लिहा: "ठरलेल्या तारखेस रुजू होण्यात अडचण असल्यास ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे." ती आली नाही, कळवलंही नाही, तर आधी फोन, मग घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र, मग खुलासा, गरज पडली तर चौकशी. तो रस्ता तेव्हा बघू.

पत्राच्या दोन प्रती करा. एकीवर तिची तारखेसह सही घेऊन फाइलला लावा. अर्ध्या वेतनाचा भाग संमतीचा आहे, तिच्या सहीशिवाय तो लागू होत नाही.

गंगापूररोड

वाक्य काढलं. पाथर्डी फाटा वाटेवरच आहे, उद्या संध्याकाळी दोन्ही प्रती घेऊन तिच्या घरीच जाते.